ताटाची डावी बाजू

त्या दिवशी माझ्या ताटात चटणी नव्हती.

मी दोनदा बघितलं. मध्ये भाकरी, उजवीकडे वांग्याची भाजी आणि आमटीची वाटी. डावीकडे काहीच नाही. चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही. हल्ली लोक ताटात काहीही कुठेही वाढून घेतात, त्यांना यात वावगं वाटणार नाही. पण आमच्या घरी डावी बाजू म्हणजे डावी बाजू. सण असो नाहीतर साधा बुधवार, माझी बायको ओट्यावर ताट मांडायची, आधी डावी बाजू भरायची आणि मग उजवीकडे वळायची. लग्न झाल्यापासून त्यात खंड पडलेला मला आठवत नव्हता.

"चटणी संपली काय?" मी विचारलं.

"वाढलीय की," असं म्हणून ही आत गेली.

मी ताटाकडे तिसऱ्यांदा बघितलं. माझ्या अंगावरून वारं गेलं होतं, डोळे शाबूत होते.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हा मी विट्याला, निवृत्त होऊन घरी बसलेला. उभी नोकरी नगरपालिकेत काढली, त्यातली निम्मी जकात नाक्यावर. जकात म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. गावात माल आणायचा तर नाक्यावर गाडी थांबवून कर भरायचा, आणि तो चुकवण्यासाठी लोक काय वाटेल ते करायचे. कांद्याच्या पोत्यांखाली साबणाची खोकी, गवताच्या भाऱ्यात तेलाचे डबे. ताडपत्रीखाली काय आहे ते मी ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून ओळखायचो. जो फार गोड बोलेल त्याची गाडी आधी उघडायची. पुढे जकात गेली, मला पाणीपट्टीच्या टेबलाला बसवलं, पण नजर गेली नाही. ही म्हणायची, तुम्ही प्रसादाच्या शिऱ्यातसुद्धा काय लपवलंय ते शोधाल. शोधायचो, खोटं कशाला बोलू.

तर मला वाटलं, हे सुरू झालं.

काय सुरू झालं ते सांगायचं तर दोन दिवस मागे जावं लागेल. गणपतीनंतर माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ आठवड्याभरात सुटली, पाय काठी घेऊन चालता झाला, हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर आणि उशीवर ठेवला तर उशीवर. दर गुरुवारी निलोफर मुलाणी नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ती येते ते फक्त बघायला, खरा व्यायाम रोज घरी करायचा. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर हात पुढे सरकवायचा. एका वाडग्यातला राजमा एकेक दाणा उचलून दुसऱ्यात टाकायचा. दोरीला कपड्याचे चिमटे लावायचे, काढायचे. खुर्चीचा हात न धरता उठायचं, बसायचं. हे सगळं सकाळ-संध्याकाळ, आणि देखरेखीला आमची ही.

मी करत नव्हतो. हिची चाहूल लागली की हात टॉवेलवर ठेवून कण्हायचो. राजमा डाव्या हाताने मूठभर उचलून पलीकडे ओतायचो आणि दोन दाणे मुद्दाम जमिनीवर टाकायचो, म्हणजे खरं वाटावं. आयुष्यभर लोकांच्या लबाड्या पकडल्या, तेव्हा लबाडी कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. का करत नव्हतो? हात हलत नव्हता म्हणून. न हलणाऱ्या हाताला रोज हल म्हणायचं आणि तो हलत नाही हे रोज नव्याने बघायचं, याची मला भीती वाटायची. नाही केलं तर निदान म्हणता येतं की केला असता तर हलला असता.

तर चटणीच्या दोन दिवस आधी मी राजमा डाव्या हाताने ओतला आणि वर बघितलं तर ही दारात उभी. कधीपासून, देव जाणे. ती ओरडली नाही. हिचं ओरडणं मला चालतं, हळू बोलणं चालत नाही.

"घरातली कामं टाकून तुमच्या हाताची राखण करत बसते मी," ती म्हणाली. "आणि तुम्ही मलाच फसवताय. आता मी तुमच्याकडं बघायचीच नाही."

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून ही दुपारभर पडून राहिली. हे अंथरुणावर पडणं तिच्या स्वभावात नव्हतं. मी मनात म्हटलं, रुसवा आहे. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ताटाची डावी बाजू गेली.

एकदा संशयाने डोळे उघडले की पुरावा चालत येतो. माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, येणाऱ्याच्या डाव्या हाताला. ही बाहेर यायची ती सरळ टीव्हीकडे नाहीतर उजवीकडच्या खिडकीकडे बघत. माझ्याकडे नजर नाही. मी "अगं" म्हटलं तर "काय?" म्हणायची, पण बोलायची कॅलेंडरशी. केर काढायची तो निम्म्या खोलीचा. माझ्या खुर्चीभोवती धूळ तशीच. आमटी आळणी व्हायला लागली, ते मी डॉक्टरच्या नावावर टाकलं होतं, त्याने मीठ कमी सांगितलं होतं. पण चटणीवर डॉक्टर काही बोलला नव्हता.

बोलली तसं करून दाखवतेय, मी म्हटलं. बघायचीच नाही म्हणजे खरोखर बघायचीच नाही.

आणि खरं सांगायचं तर मी हादरलो होतो. शर्टाची बटणं ती लावायची. आंघोळीचं पाणी ती घालायची, पाठ ती चोळायची, बाथरूमच्या उंबऱ्यावरून पाय ती टाकायला लावायची. ती कंटाळली तर माझं पुढे काय? जाई, आमची मुलगी, सांगलीला. तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तिथे दुसरा रुग्ण नेऊन ठेवायची सोय नव्हती.

मग एका संध्याकाळी फोन ऐकला. ही जाईशी बोलत होती, मी झोपलोय असं समजून. "महिनाभर ठेवून घेत्यात होय?... आणि दोन वेळचं ते बघत्यात?... बघू. विचार करते." एवढंच ऐकू आलं. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. सांगलीत अशा रुग्णांना ठेवून घेणारी एक जागा निघाली होती, तिची जाहिरात जाईनेच मला एकदा दाखवली होती, सहज म्हणून. सहज कुणी काही दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी ही भाजी आणायला गेली तेव्हा मी काठी घेऊन स्वयंपाकघराची झडती घेतली. कितीतरी दिवसांनी मी त्या खोलीत पाय टाकत होतो. ओट्याच्या डाव्या टोकाला चटणीची बरणी होती, जवळजवळ भरलेली. झाकण काढलं तर खवट वास आला. शेजारी लोणचं, त्याच्या शेजारी मिठाचा डबा, आणि टोपलीत एक लिंबू वाळून टणक झालेलं. उजव्या टोकाला मात्र सगळं नेहमीसारखं, रोजच्या वापरातलं. म्हणजे चटणी संपलेली नव्हती. केलेली होती, भरलेली होती, आणि मला दिली जात नव्हती. नाक्यावरची गाडीवाली माणसं खोक्यावर खोकी रचून म्हणायची, साहेब, काही नाही, नुसते कांदे आहेत. ही तर ताट समोर ठेवून म्हणत होती, वाढलीय की.

ती परत आली तेव्हा तिच्या डाव्या कोपराला खरचटलं होतं. मी विचारलं, कुठे पडलीस? ती म्हणाली, कुठं काय? मी बोट दाखवलं तर दुसऱ्याच कोपराकडे बघून म्हणाली, काही नाही. मला वाटलं, हेही लपवतेय. बाहेर कुठेतरी जाते, काहीतरी होतं, आणि घरात येऊन सांगत नाही.

तेव्हा मी ठरवलं की हिला कारण द्यायचं नाही. मला त्या सांगलीच्या जागेत पाठवायचं असेल तर ती म्हणणार, व्यायाम करत नाहीत, मी थकले. ठीक आहे. मी व्यायाम करेन, आणि तिच्या नाकासमोर करेन. मग बोल म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल खुर्चीसमोर ओढून घेतलं, टॉवेल पसरला आणि उजवा हात त्यावर ठेवून सरकवायला लागलो. खरोखर. डावा हात मागे घेऊन. पहिल्यांदा काही झालं नाही. मग खांद्यातून ढकललं तेव्हा टॉवेलसकट हात बोटभर पुढे गेला. माझ्या कपाळावर घाम आला. पुन्हा ढकललं. पुन्हा गेला. मी इतका खूश झालो की ती कधी येते याची वाट बघायला लागलो.

ती आली. पदराला हात पुसत दारात उभी राहिली. मी तिच्या देखत हात सरकवला, तोंडातून आवाज काढत, टेबल करकरेल असा.

"आज पण बसलाय नुसतं," ती टीव्हीकडे बघत म्हणाली. "व्यायाम करायचं नाव नाही."

"हे काय करतोय मग मी?" मी म्हटलं.

ती उजवीकडे वळली, खिडकीपाशी गेली, पडदा सारखा केला. "तोंडानंच चाललंय," असं काहीतरी पुटपुटली आणि आत गेली.

माझा संताप संताप झाला. पण दुपारपर्यंत त्या संतापात एक खडा टोचायला लागला. ही बाई कधी इतका वेळ खोटं बोललेली नाही. हिला खोटं बोलताच येत नाही. पाहुण्यांना चहा नको म्हणायचं असलं तरी हिचं तोंड पडतं. मग हे सगळं इतकं बेमालूम कसं जमतंय? गाडीवाला कितीही तयारीचा असला तरी कुठेतरी त्याची नजर लपवलेल्या पोत्याकडे जातेच. हिची नजर कुठेच जात नव्हती.

दुपारी ती माझं झाल्यावर स्वतःचं ताट घेऊन टेबलाशी बसली. मी खुर्ची वळवून तिच्यावर पाळत ठेवली. ताटात भाकरी, भाजी, दोन मिरच्या. ती जेवली, नेहमीसारखी, घाई न करता. मग पाणी प्यायली आणि हात आखडून बसली.

"झालं?" मी विचारलं.

"भूक आहे अजून," ती म्हणाली. "पण भाकरी संपली. उठायचा कंटाळा आलाय."

तिच्या ताटात अर्धी भाकरी होती. सुरीने कापावी तशी मधोमध अर्धी, डाव्या बाजूची. त्याच बाजूची भाजीही तशीच. उजवी बाजू पुसून घेतल्यासारखी साफ.

माझ्या सगळ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो, ती अशी की माणूस माल लपवतो तो दुसऱ्यापासून. स्वतःच्या ताटातली भाकरी स्वतःपासून कोण लपवेल, आणि तीही पोटात भूक असताना?

मी डावा हात पुढे केला आणि तिचं ताट हळूच फिरवलं. डाव्या बाजूची भाकरी उजवीकडे आली.

"अगंबाई," ती म्हणाली. "ही कुणी वाढली?"

आणि तुकडा मोडून जेवायला लागली.

ती भांडी घासायला आत गेल्यावर फोन ओढून घेतला आणि डाव्या अंगठ्याने मुलाणी मॅडमचा नंबर शोधला. तिचा गुरुवार नव्हता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता या. ती म्हणाली, काका, तुम्हाला काय होतंय? मी म्हटलं, मला काही होत नाही, हिला तुम्ही दिसता का ते बघायचंय.

अर्ध्या तासात ती आली. हिला समोर बसवलं आणि गप्पा मारल्यासारखं करत आपले दोन्ही हात दोन बाजूंना धरले. माझ्या नाकाकडे बघा काकू, आणि कुठल्या हाताचं बोट हलतंय ते सांगा. उजवीकडचं हललं, हिने सांगितलं. दोन्हीकडची हलवली, ही म्हणाली, उजवं. डावीकडचं एकटं हलवलं तर म्हणाली, आता कुठं हलवताय?

मुलाणी मॅडमचा चेहरा बदलला. तिने हिच्या दोन्ही हातांनी आपली बोटं दाबायला लावली, हसायला लावलं, चालायला लावलं. मग मला बाहेरच्या खोलीत घेऊन आली आणि विचारलं, हे कधीपासून? मी सांगितलं, चटणी बंद झाल्यापासून. तिला वाटलं मला भ्रम झालाय. मग मी सगळं ओळीने सांगितलं. डोकेदुखी, निम्मा केर, कोपर, मीठ, भाकरी.

"काका, काकूंना पण स्ट्रोक येऊन गेलाय," ती म्हणाली. "मेंदूच्या उजव्या बाजूला. हातपाय फारसे गेले नाहीत म्हणून कुणाला कळलं नाही. त्यांनापण नाही."

"पण डोळ्यांना काय झालं?"

"डोळे चांगले आहेत. दिसतं त्यांना. पण डावीकडं काही आहे, हेच त्यांच्या मनात येत नाही."

"म्हणजे मी त्या खुर्चीत बसलो की?"

"त्यांच्या दृष्टीनं तिथं खुर्चीच नाही," ती म्हणाली.

जाई गाडी घेऊन आली. मिरजेला नेलं, तपासण्या झाल्या, आणि मुलाणी मॅडम म्हणाली होती तेच निघालं. रक्ताची जुनी गाठ होती, दोन-तीन आठवड्यांपूर्वीची. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी दिवस गेले असते तर दुसरा झटका सांगून आला नसता. गोळ्या सुरू झाल्या. तिकडेच कधीतरी जाईने मला सांगितलं की त्या सांगलीच्या जागेचं तिनेच आईच्या डोक्यात घातलं होतं आणि आईने दुसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हटलं होतं. का, असं मी विचारलं. जाई म्हणाली, तिथे तुमच्या चवीचं मिळणार नाही म्हणाली.

घरी आलो आणि खरी गंमत सुरू झाली. आता व्यायाम दोघांना होता. हिचा व्यायाम कागदावर सोपा होता. मी तिच्या डाव्या बाजूला बसायचं. हाक मारायची ती तिथून, वस्तू द्यायची ती तिथून. ती उजवीकडे बघत राहणार, तरी उठून तिकडे जायचं नाही. तिने मान वळवून माझ्यापर्यंत यायला हवं. मी मुलाणी मॅडमला म्हटलं, मी हिच्या डावीकडे बसलो तर माझा उजवा हात तिच्या बाजूला येतो. तो तर असा. ती म्हणाली, मग त्याच हातानं द्या. मी म्हटलं, त्याने काही उचललं जात नाही. ती म्हणाली, काका, ते तुमचं तुम्ही बघा.

हिने मात्र साफ मोडता घातला. मला काय धाड भरलीय, म्हणाली. आणि गंमत म्हणजे तिला ते अगदी मनापासून वाटत होतं. हात चालतोय, पाय चालतोय, मग डावीकडे बघा, डावीकडे बघा काय लावलंय? मी व्यायामाला बसू म्हटलं की हिला भाजी निवडायची असायची. भाजी झाली की पाठ दुखायची. बसलीच तर डावा खांदा भिंतीला टेकवून बसायची, म्हणजे त्या बाजूला मला जागाच नाही. माझ्याकडून शिकली असेल म्हणावं तर तिला माझी अर्धी लबाडी दिसलेलीही नव्हती.

मी मागे लागलो. दिवाण भिंतीपासून जाईकडून पुढे ओढून घेतला. आता मला भीती वेगळी होती. आधी वाटत होतं की ही माझ्याकडे बघत नाही, कारण तिला बघायचं नाही. आता कळलं होतं की तिला बघायचं असलं तरी मी तिला सापडत नाही. पहिल्यात निदान भांडता येत होतं. तीन हातांच्या अंतरावर बसलेलं आपलं माणूस भिंतीला विचारतं, "अहो, कुठं गेला?" हे ऐकणं मला सोसत नव्हतं.

त्या दुपारी भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. तिला आवडतात म्हणून जाई ठेवून गेली होती. मी दिवाणावर तिच्या डावीकडे बसलो, डाव्या हाताने एक शेंग उचलून उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात बसवली. तेवढं मला त्या दिवसांत जमायला लागलं होतं. हात उशीवर ठेवला.

"अगं," मी म्हटलं.

"काय?" ती टीव्हीकडे बघत म्हणाली.

"इकडे बघ."

"बघतेय की."

पुन्हा अगं म्हटलं. पुन्हा टीव्हीला उत्तर. मुलाणी मॅडमने सांगितलं होतं, नावाने हाक मारा, नावाला माणूस लवकर वळतो. आमच्यात बायकोला नावाने कोण हाक मारतं? जाई झाल्यावर "जाईची आई" तरी म्हणायचो, ती सांगलीला गेल्यावर तेही सुटलं. मी घसा साफ केला.

"वैजयंती," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच पाणीपट्टीच्या खिडकीतून आल्यासारखा वाटला. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

आणि हलणार कशी? ते नाव तिचं नव्हतंच. माझ्या आईने ठरवलेलं, लग्नात मी ताटातल्या तांदळावर अंगठीने गिरवलेलं. त्यानंतर ते रेशनकार्डावर लिहिलं गेलं आणि मतदार यादीत छापलं गेलं, पण त्या नावाने तिला घरात कुणी हाक मारली नव्हती. आई म्हणायची सूनबाई, मी म्हणायचो अगं. तिला माहेरच्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, तिचा थोरला भाऊ, अण्णा. बाजाराच्या दिवशी आला की तो घरात शिरायच्या आधी दारातूनच हाक द्यायचा, चप्पल काढता काढता. तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली होती. मी कधी ते नाव उच्चारलं नव्हतं. ते त्यांच्या घरचं होतं, माझं नव्हतं.

बोटांतली शेंग निसटण्याच्या बेतात होती.

"ए बकुळे," मी म्हटलं.

तिने टीव्हीवरची नजर काढली. मान हळूहळू वळायला लागली, टीव्ही सोडून कॅलेंडरवर, कॅलेंडर सोडून दाराकडे, आणि दारापाशी थांबली.

"अण्णा आला काय?" ती म्हणाली.

मान दारापाशी थोडी घुटमळली आणि पुढे निघाली. जिथे इतके दिवस काहीच नव्हतं तिथे येऊन पोहोचली. तिने मला बघितलं. माझा वाढलेला दाढीचा खुंट, चुकलेलं बटण, उशीवरचा हात, सगळं एकेक करून बघितलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. मग तिचे डोळे बारीक झाले. "ते नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या भावाने. दारात उभं राहून दर आठवड्याला सांगत होता."

"मग इतकी वर्षं गप का बसलासा?"

मी हात थोडा पुढे केला. तिला शेंग दिसली. तिनेही हात पुढे केला, आणि तो डावा होता, कोपरावर खपली धरलेला. तो आला, पण माझ्यापर्यंत पोहोचण्याआधीच दमल्यासारखा थांबला. मध्ये वीतभर जागा उरली. तिच्या हाताला ती जमणार नव्हती हे दिसत होतं. मी खांद्यातून ढकललं. दात आवळून ढकललं. माझा हात उशीवरून उचलला गेला, हवेत लटपटला, आणि तिच्या बोटांपर्यंत गेला.

शेंग तिच्या बोटांत आली. मग निसटून दोघांच्या मध्ये खाली पडली.

तिने शेंगेकडे बघितलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

"दुसरी द्या," ती म्हणाली.